ग्रहणाचा आळ

कुणाचंही तान्हं मूल समोर आलं की मावशी आधी हात धुवायच्या. मग त्याच्या हनुवटीखाली दोन बोटं लावून तोंड उजेडाकडे वळवायच्या आणि म्हणायच्या, "डोया दखाड, भाऊ." डोळा दाखव, भाऊ. मुलगी असली तरी भाऊच. दोन्ही बाहुल्या काळ्याभोर आहेत अशी खात्री पटली की मगच मुलाचं नाव विचारायच्या. काही आयांना राग यायचा. नजर लागेल म्हणून त्या पदर पुढे ओढायच्या. मावशी तो पदर सरळ बाजूला करायच्या.

उधन्याच्या आमच्या गल्लीत तुम्ही कधी आला असाल तर तुम्हीही त्यांना पाहिलं असेल. मांडीवर मार्केटमधून घडी घालायला आलेली साडी, हातात तिचे सुटे धागे कापायची छोटी कात्री आणि नाकावर जाड भिंगांचा चष्मा. त्या भिंगांमागे त्यांचे डोळे इतके मोठे दिसायचे की नवा माणूस दचकायचा. मूळच्या खानदेशातल्या, शिरपूरकडच्या. लग्न होऊन सुरतेला आल्या, नवरा लूमवर, यंत्रमागावर कामाला होता, तो गेला. मुलगा भूषण टेम्पो चालवतो, पर्वत पाटियाच्या कापड मार्केटला माल पोचवतो. मी त्यांच्या शेजारी राहते आणि मराठी शाळेत विज्ञान शिकवते. माझ्याशी त्या बेतानं पुस्तकी मराठी बोलायच्या. रागावल्या की अहिराणीवर यायच्या, म्हणजे बहुतेक वेळा अहिराणीच.

मूल दिसलं की डोळे बघायची ही सवय त्यांना म्हातारपणी लागली. ती कशी लागली, ते सांगायचं आहे. सांगताना माझा आवाज चढला तर समजून घ्या. इतकी वर्षं झाली तरी तो खाली येत नाही.

भूषणची बायको जया पहिल्यांदा बाळंत झाली आणि मुलगी झाली. सगळे तिला चिऊ म्हणायला लागले. महिन्याभरात जयाच्या लक्षात आलं की चिऊ तिच्याकडे बघत नाही. दिव्याकडे वळत नाही. एकदा खिडकीशी चिऊला पाजताना जयाला तिच्या बाहुलीच्या मधोमध पांढुरकं काहीतरी दिसलं, साईसारखं. तिनं सासूला दाखवलं. मावशींनी पाहिलं आणि तिथल्या तिथे जयाला विचारलं, "ग्रहणात काय केलंस?"

बिचारीनं खरं सांगितलं. पोटुशी असताना ग्रहणाच्या दिवशी तिनं सुई हातात धरली होती. भूषणच्या शर्टाचं बटण तुटलं होतं, त्याला कामावर जायचं होतं, त्यानंच लावायला सांगितलं होतं.

झालं. सुई धरली, मुलीच्या डोळ्यात टोचली, हिशेब संपला. गल्लीतल्या बायका आल्या, मान हलवून गेल्या. नऊ महिन्यांत जगात कुठे ना कुठे ग्रहण लागतंच हो. शोधायला बसलेल्या माणसाला ते सापडतंच. आणि सुई, विळी, चूल यांच्यातलं काहीतरी घरातल्या बाईच्या हातात असतंच. शर्ट कुणाचा होता हे मात्र कुणी विचारलं नाही. शर्टाचा मालक कोपऱ्यात बसून मोबाइलमध्ये बघत होता.

नाक्यावरच्या डॉक्टरनं बॅटरी मारून पाहिलं आणि सांगितलं की डोळ्यांत मळ आहे, मूल मोठं झालं की जाईल. गुलाबपाणी घाला म्हणाला. दारावर एवढी मोठी पाटी लावलेला माणूस. शाळेतली माझी एक सहकारी, एम.एस्सी. झालेली, तिला मी हे सांगितलं तर ती डबा उघडता उघडता म्हणाली, "तसं काही नसतं म्हणा, पण कशाला धरायची सुई त्या दिवशी?" मी माझा डबा बंद केला. गल्लीतल्या बायकांना शाळा मिळाली नाही. हिला काय मिळालं नव्हतं?

गुलाबपाण्यात दोन महिने गेले. मी दोनदा सांगून पाहिलं की मोठ्या दवाखान्यात न्या. मावशी ऐकेनात. शेवटी म्हणाल्या, "बाई, तुम्हाला ठाऊक नाही. हे ग्रहणाचंच असतं. माझंही तसंच झालेलं."

त्यांचे डोळे वयामुळे खराब झाले असतील असं मी समजत होते. तेव्हा पहिल्यांदा त्यांनी सांगितलं. लहानपणापासूनच त्यांना धुकं दिसायचं. गावातली पोरं त्यांना आंधळी कोशिंबीर म्हणायची. पुढे कुठल्याशा शिबिरात ऑपरेशन झालं आणि जाड चष्मा लागला. हे सगळं का, तर त्या पोटात असताना त्यांच्या आईनं ग्रहणात चूल पेटवली होती. घरात मोठी दोन पोरं भुकेनं रडत होती, म्हणून. वडिलांनी ते आईला मरेपर्यंत ऐकवलं. आणि नुसत्या वडिलांनीच नाही. "मीही ऐकवलं," मावशी म्हणाल्या. "लग्नाच्या दिवशीसुद्धा मी तिच्या पाया पडले नाही."

"मावशी," मी म्हटलं, "तुमच्या धाकट्या भावालाही तसाच चष्मा आहे ना?"

"आहे."

"मग त्याच्या वेळीही तुमच्या आईनं चूल पेटवली? आणि आता जयानं सुई धरली? प्रत्येक वेळी तुमच्याच घरच्या बायका चुकतात आणि प्रत्येक वेळी डोळाच जातो? कुणाचा हात नाही, पाय नाही, कान नाही?"

 मावशी कात्री खाली ठेवून साडीच्या काठावरून बोट फिरवत राहिल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या दारात उभ्या होत्या. नवं लुगडं, कडेवर चिऊ, मागे जया, तिच्या मागे भूषण. "चला," म्हणाल्या. मी शाळेत रजा कळवली.

दवाखान्यातली डॉक्टर तरुण होती, गुजराती. मावशी तिला डॉक्टरबेन म्हणायच्या. तिनं चिऊचे डोळे पाहिले आणि पहिलं वाक्य बोलली ते असं : "इतके दिवस कुठे होता?" आवाज चढवला नाही, पण तिच्या तोंडावर जे दिसलं ते मी विसरले नाही. तिनं समजावून सांगितलं. दोन्ही डोळ्यांत जन्मापासून मोतीबिंदू आहे. तान्ह्या मुलाचा मेंदू पहिल्या काही आठवड्यांत बघायला शिकतो. तेव्हा डोळ्यात उजेड पोचला नाही तर पुढे डोळा साफ करूनही मेंदू त्याला नीट ओळखत नाही. ऑपरेशन पहिल्या दीड-दोन महिन्यांत व्हायला हवं होतं. आता जेवढं वाचेल तेवढं वाचवू.

गुलाबपाणी. मला त्या नाक्यावरच्या पाटीवर दगड मारावासा वाटला.

मग घरात आणखी कुणाला आहे का ते पाहायला डॉक्टरबेननं सगळ्यांच्याच डोळ्यांत थेंब घातले. जया, भूषण, मावशी, सगळे बाकावर डोळे मिटून ओळीनं बसले. एकेकाला ती यंत्रासमोर बोलावू लागली. जयाचे डोळे निर्मळ निघाले, डाग नाही की ठिपका नाही. मावशींच्या डोळ्यांत भिंगच नव्हतं, ते शिबिरात काढलेलं. भूषणच्या पाळीला ती बराच वेळ बघत राहिली. मग विचारलं, "रात्री समोरून गाडी आली की तिचा लाइट फुटल्यासारखा दिसतो का?"

"सगळ्यांनाच दिसतो ना," भूषण म्हणाला.

"नाही," ती म्हणाली. "सगळ्यांना दिसत नाही."

त्याच्या दोन्ही भिंगांत बारीक ठिपके होते, पीठ भुरभुरल्यासारखे. मोतीबिंदूच, पण सौम्य. जन्मभर त्याच ठिपक्यांतून तो जग बघत आला होता आणि जग असंच असतं असं समजत होता.

डॉक्टरबेननं जे सांगितलं ते मी मुलांना शिकवते, पण असं कधी शिकवलं नव्हतं. डोळ्याचं भिंग प्रथिनांनी ठासून भरलेलं असतं. त्यांना क्रिस्टॅलिन म्हणतात. ती आईच्या पोटात असल्यापासूनच तयार व्हायला लागतात, आणि भिंगाच्या मधल्या भागातली तर जन्मभर तीच राहतात, बदलून मिळत नाहीत. प्रत्येक प्रथिनाची ठरलेली घडी असते. घड्या नीट असल्या की ती दाटीनं बसूनही एकमेकांना चिकटत नाहीत, आणि उजेड आरपार जातो. पण ते प्रथिन बनवण्याची जी कृती शरीरात लिहिलेली असते, त्या जनुकात कधीकधी एक अक्षर बदलतं. एकच. मग घडी चुकते, चुकलेली प्रथिनं एकमेकांना चिकटून गोळे होतात आणि उजेड त्यांच्यात अडकतो. आई किंवा बाप, ज्याच्याकडे ते बदललेलं अक्षर असेल, त्याच्या प्रत्येक मुलाला ते मिळण्याची शक्यता निम्मी. एकाला जास्त त्रास होतो, एकाला कमी. एखाद्याला कळतही नाही.

मावशींनी दिवसभर साड्यांच्या घड्याच घातलेल्या. त्या म्हणाल्या, "घडी चुकनी. बस, एवढंच?"

"एवढंच."

"मग ग्रहण?"

"ग्रहणाचा काही संबंध नाही."

"म्हणजे माझ्या आईनं काही केलं नव्हतं?"

"नाही."

मावशींनी पुन्हा तेच विचारलं. डॉक्टरबेनला वाटलं त्यांना ऐकू आलं नाही, तिनं जरा मोठ्यानं सांगितलं. त्यांना ऐकू आलं होतं. त्यांनी तिसऱ्यांदाही विचारलं. मग थेंबांमुळे आधीच पाणावलेले डोळे पदरानं पुसत म्हणाल्या, "मग ते तिच्याकडून आलं की बाबाकडून?"

"दोघंही आता हयात नाहीत, कसं सांगणार?"

"मी सांगते. बाबा चाळिशीतच दुसऱ्याचा हात धरून चालायचा. उन्हात डोळ्यांवर हात धरायचा. आई म्हातारपणीसुद्धा सुईत दोरा ओवायची." मग म्हणाल्या, "बाबा तिला शिव्या द्यायचा. रोज."

घरी परतताना रिक्षात भूषण पहिल्यांदा आपण होऊन बोलला. जया पुढच्या रिक्षात होती, म्हणून बोलला असेल. "आई, घरात कुणाला सांगू नको हं. माझ्या डोळ्याचं. काका येणार आहेत बारशाला. उगाच चर्चा होईल."

मावशींनी रिक्षा थांबवली. भर रस्त्यात, उड्डाणपुलाच्या तोंडाशी. त्याला म्हणाल्या, "उतर."

"आई, काय हे."

"उतर. दोन महिने पोरगी शिव्या खाई राहिनी तैं तू गप्प. आते तुनं नाव उनं तैं तुले चर्चा नको." जया दोन महिने शिव्या खात होती तेव्हा गप्प होतास, आता तुझं नाव आल्यावर चर्चा नको. तो उतरला. रिक्षा पुढे निघाली. मी मागे वळून पाहिलं नाही. मावशींनीही पाहिलं नाही, पण थोडं पुढे गेल्यावर पुटपुटल्या, "पाकीट आहे ना त्याच्याजवळ?"

चिऊची दोन्ही ऑपरेशनं झाली. उजवा डोळा बऱ्यापैकी वाचला. डावा नाही. डाव्यात आज उजेड आणि आकार दिसतात, अक्षर दिसत नाही. लक्षात ठेवा, हे त्या बदललेल्या अक्षरामुळे झालं नाही. त्या अक्षरावर इलाज होता. हे झालं ते वाया गेलेल्या दिवसांमुळे, आणि ते दिवस माणसांनी घालवले.

बारसं उशिरा झालं. भूषणचे काका गावाहून आले, म्हणजे मावशींचे थोरले दीर, घरातला शेवटचा शब्द. जेवणं झाली, बायका आत होत्या, मीही होते. काकांनी पान लावता लावता विषय काढला. मुलीचं ऑपरेशन झालं ते ठीक, पण सुनेनं घराण्याला कमीपणा आणला. थोडे दिवस तिला माहेरी धाडावं, नंदुरबारला. पुढचं पुढे बघू. असं बोलताना ते इतके शांत होते की जणू टेम्पोचं टायर बदलायचं आहे.

जया दाराच्या आड उभी होती. तिचा चेहरा मला दिसत होता, म्हणून मी जास्त सांगत नाही.

मावशी बाहेर गेल्या. दिरासमोर त्यांनी कधी डोक्यावरचा पदर सरू दिला नव्हता, तो तेव्हाही डोक्यावरच होता. त्यांनी दवाखान्यात ऐकलेलं सगळं सांगितलं. जयाचे डोळे स्वच्छ आहेत, भूषणच्या डोळ्यांत ठिपके आहेत, आणि भूषणला ते कुणाकडून मिळाले तेही.

काकांनी पानाचा विडा हातातच ठेवला. "म्हणजे तुझ्या माहेरचा रोग तू आमच्या घरात आणलास."

पाहिलंत? आळ एका बाईच्या डोक्यावरून उचलला, तर खाली ठेवायला यांना दुसऱ्या बाईचंच डोकं सापडलं.

"हो," मावशी म्हणाल्या. "मनाकडथीन उनं. आते माले धाडा माहेरले."

माझ्याकडून आलं. आता मलाच माहेरी धाडा. साठीच्या पुढची बाई, आईबाप जाऊन कितीतरी वर्षं झालेली. कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. मावशी खरोखर आत गेल्या, पिशवी काढली, त्यात दोन लुगडी आणि चष्म्याची डबी घातली आणि ती पिशवी घेऊन दिरासमोर येऊन बसल्या. "कोण पोचवायला येतंय? तुम्ही की भूषण?"

काकांनी विडा तोंडात टाकला. मग हवापाण्याच्या गोष्टी सुरू झाल्या, कपाशी कशी आहे वगैरे. जयाला माहेरी धाडायचा विषय त्या घरात पुन्हा निघाला नाही. पिशवी बरेच दिवस तशीच भरलेली खुंटीवर होती. मावशी म्हणायच्या, "राहू द्या. कुणाच्या मनात आलं तर तयारी असावी."

पण त्या माहेरी गेल्याच, आपण होऊन. जाऊन आल्यावर मी विचारलं, काय झालं. म्हणाल्या, आईची माफी मागायला गेले होते. भावाला सगळं सांगितलं, तो म्हणाला, मेलेल्या माणसाचं आता काय. घर तर त्यानं केव्हाच विकलेलं. "चूल होती तिथे आता दुसऱ्याची म्हैस बांधलीय. मी म्हटलं, इतक्या लांब आलेय तर मागूनच जाते. म्हशीसमोरच मागितली." मी हसले. त्याही हसल्या. मग त्यांनी चष्मा काढला आणि लुगड्यानं उगाचच पुसत बसल्या. चष्म्याशिवाय त्यांचे डोळे फार लहान दिसायचे.

चिऊच्या चांगल्या डोळ्यावर रोज पट्टी लावून कमजोर डोळ्याला कामाला लावायचं असं डॉक्टरबेननं सांगितलं होतं. ते काम मावशींचं. पोर पट्टी उपटून फेकायची, किंचाळायची, आजीला चावायची. मावशी दुसरी पट्टी लावायच्या. गल्लीतल्या बायका म्हणायच्या, किती छळता लेकराला. त्यावर त्यांचं ठरलेलं उत्तर, "मी छळते ते सगळ्यांना दिसतं." तान्ह्या मुलांचे डोळे बघायची सवय त्यांना याच काळात लागली. आमच्या गल्लीत कुणी ग्रहणाचं नाव काढलं की विचारायच्या, "कोणी सांगं तुले?" कुणी सांगितलं तुला? दोन घरं पलीकडे एका बाळाच्या डोळ्यात त्यांना पांढरं दिसलं, आणि त्या बाळाला त्यांनी आईबापासकट स्वतः दवाखान्यात नेलं. ते वेळेवर पोचलं.

जयाला पुन्हा दिवस गेले तेव्हा सल्ल्यांचा पूर आला. निम्मी शक्यता म्हणजे काय, याचा अर्थ ज्यानं त्यानं आपल्या मनासारखा लावला. मावशी जयाला म्हणाल्या, "तुला हवं तर ठेव, नको तर नको. मला विचारू नको. त्या गावाकडच्या म्हाताऱ्याला तर मुळीच विचारू नको." जयानं ठेवलं.

ते बाळ मावशींनी पाहिलं नाही. काविळीचं निमित्त झालं आणि त्या आठवड्याभरात गेल्या. दीर आले होते. जिभेची तिखट होती पण घर सांभाळलं, असं म्हणाले. मी उठून बाहेर आले. दुःखाच्या घरात भांडू नये एवढं मला कळतं.

बाळ झालं तेव्हा मी दवाखान्यात होते, त्याच डॉक्टरबेनच्या मोठ्या दवाखान्यात. मुलगा. जयाच्या माहेरची माणसं होती, काका होते, पेढे आले होते. नर्सनं बाळ भूषणच्या हातात दिलं. त्यानं ते कुणालाच दाखवलं नाही. तसाच सरळ वळला आणि डोळ्यांच्या विभागाकडे चालू लागला. काका मागून हाका मारत होते. डॉक्टरबेन दारातच भेटली. सगळ्यांच्या देखत तो तिला म्हणाला, "माझ्यामुळे असू शकतं. माझ्या डोळ्यांत आहे. याचे आत्ताच बघा."

होतं. दोन्ही डोळ्यांत. डॉक्टरबेननं सांगितलं तेव्हा जया रडली, भूषण रडला, पण कुणी कुणाला काही विचारलं नाही. सहाव्या आठवड्यात ऑपरेशनं झाली.

परवा मी त्यांच्याकडे गेले होते. बाळाला रबरी पट्टीचा इवलासा चष्मा लागलाय, नाक पुरत नाही एवढा. भूषण त्याच्यासमोर उकिडवा बसून टेम्पोची किल्ली हलवत होता. डावीकडे नेली, बाळाचे डोळे डावीकडे गेले. उजवीकडे आणली, उजवीकडे आले. पुन्हा डावीकडे. बाहेर टेम्पोत माल भरलेला होता, मार्केटमधून फोन वाजत होता. त्यानं तो उचलला नाही.